ऑनलाइन सायक एनपी कोर्स: ७५० तास कोण मिळवून देणार, ते आधी विचारा

अमेरिकेत सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनरचा (सायक एनपी, म्हणजे मानसिक आजारांचं निदान करून औषधं लिहिणारी उच्चशिक्षित नर्स) ऑनलाइन कोर्स देणाऱ्या विद्यापीठांची चार-पाच माहितीपत्रकं सलग वाचली, की कुठलं कुणाचं हे कळेनासं होतं. नोकरी सांभाळून शिका, घरबसल्या शिका, दोन-अडीच वर्षांत पदवी घ्या. विषयांची यादी जवळपास तीच आणि फोटोतल्या नर्सही तशाच हसऱ्या. वरवर पाहता फरक फक्त फीचा वाटतो. खरा फरक मोठा असतो आणि तो छापलेला नसतो. हा कोर्स नावाला ऑनलाइन आहे, पण त्याचा सगळ्यात जड भाग पेशंटसमोर बसून करावा लागतो. तो भाग कुणी जमवून द्यायचा, याच्या उत्तरावर कोर्स चांगला की डोकेदुखीचा हे ठरतं.

सायक एनपींना प्रमाणपत्र देणाऱ्या एएनसीसी या संस्थेच्या सर्टिफिकेशन परीक्षेला बसायला किमान ५०० क्लिनिकल तास लागतात. पण नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या राष्ट्रीय मानकांनी २०२२ साली ही किमान मर्यादा ७५० तासांवर नेली. हे तास थेट पेशंटसोबतचे हवेत. स्किल्स लॅब, सिम्युलेशन किंवा एखादा सामाजिक प्रकल्प यांत धरला जात नाही. जुन्या माहितीपत्रकात ५००-६०० असा आकडा दिसला, तर सध्याच्या बॅचला किती लागतात ते विचाराच.

घोडं पेंड खातं ते प्रिसेप्टरपाशी. प्रिसेप्टर म्हणजे ज्यांच्या हाताखाली तुम्ही पेशंट बघता ते अनुभवी सायक एनपी किंवा सायकियाट्रिस्ट. अशी माणसं कमी आहेत आणि विद्यार्थी भरमसाट. बऱ्याच प्रिसेप्टरांना या कामाचे विद्यापीठाकडून पैसे मिळत नाहीत. विद्यार्थ्याला शिकवताना दिवसाचे दोन-तीन पेशंट कमी होतात, ते वेगळंच. त्यामुळे ओळखीशिवाय दार उघडत नाही. शंभर ईमेल पाठवून पाच उत्तरं यावीत आणि त्यातली चार नकाराची असावीत, हा अनुभव या क्षेत्रात नवा नाही.

इथे विद्यापीठांचे तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात जागा विद्यापीठच शोधतं, तुम्ही फक्त किती मैलांपर्यंत जाऊ शकता ते सांगायचं. दुसऱ्यात शोध तुमचा, पण अडलात तर विद्यापीठाचं प्लेसमेंट ऑफिस हात देतं. तिसऱ्यात सगळा भार तुमच्यावर. प्रिसेप्टर मिळाला नाही तर त्या सेमिस्टरला क्लिनिकल नाही, वर्ष लांबलं तर लांबलं. गंमत म्हणजे तिघंही फोनवर एकच वाक्य म्हणतात: ‘आम्ही तुम्हाला प्लेसमेंटमध्ये मदत करतो.’ ‘मदत’ या शब्दात हमी नसते. म्हणून स्टुडंट हँडबुक मागवा आणि त्यातलं क्लिनिकल प्लेसमेंटचं प्रकरण वाचा. ‘अंतिम जबाबदारी विद्यार्थ्याची’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तो तिसरा प्रकार, मग ॲडमिशनवाल्याने फोनवर काहीही सांगितलेलं असो. हँडबुक द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

प्रिसेप्टर ‘हो’ म्हणाला म्हणजे काम संपलं असंही नाही. त्याचा बायोडेटा, लायसन्स आणि सर्टिफिकेशन विद्यापीठाकडे जातं, प्राध्यापक मंजुरी देतात. मग क्लिनिक आणि विद्यापीठ यांच्यात ॲफिलिएशन ॲग्रीमेंट व्हावं लागतं. लहानशा खासगी प्रॅक्टिसमध्ये मालक दोन दिवसांत सही करतो. मोठ्या हॉस्पिटल सिस्टिममध्ये मात्र तो कागद कायदा विभागाकडे जातो, तिथे विम्याच्या एका कलमावर अडतो, तुमच्या विद्यापीठाकडे परततो आणि पुन्हा जातो. यात काही आठवडे ते काही महिने सहज जातात. त्यानंतर लसीकरणाचे पुरावे, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट. एवढं सगळं सेमिस्टरच्या पहिल्या दिवसाआधी पूर्ण हवं. तारीख चुकली, तर प्रिसेप्टर तयार असूनही तास सुरू करता येत नाहीत, आणि करार होण्याआधी केलेले तास कुणी धरत नाही. शोध नऊ ते बारा महिने आधी सुरू करायचा, तो यासाठी.

त्यातही सगळे तास सारखे नसतात. हे सर्टिफिकेशन सर्व वयोगटांचं आहे, म्हणजे मुलं, किशोर, प्रौढ, वृद्ध सगळे पाहायला हवेत. प्रौढांचे तास मिळून जातात. अडतं ते मुलांपाशी. बालमानसोपचारातले प्रिसेप्टर आधीच कमी, त्यात पालक विद्यार्थ्याला खोलीत बसू देतीलच असं नाही. अनेकांचं शेवटचं सेमिस्टर इथेच रखडतं. म्हणून विचारताना नुसतं ‘प्लेसमेंट देता का’ असं विचारू नका. ‘माझ्या राज्यात, माझ्या घरापासून अमुक मैलांत, मुलांच्या तासांसाठी गेल्या वर्षी तुमच्या किती विद्यार्थ्यांना जागा मिळाली’ असं विचारा. उत्तर आकड्यात आलं तर त्या ऑफिसला आपलं काम माहीत आहे.

टेलिहेल्थचंही आधीच ठरवून घ्या. सायकियाट्रीत व्हिडिओवर पेशंट बघणं आता रोजचं झालंय आणि ते तास ग्राह्य धरता येतात, पण किती धरायचे याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाची वेगळी. दुसरं असं, की टेलिहेल्थमध्ये पेशंट ज्या राज्यात बसलाय त्या राज्याचे नियम लागतात. प्रिसेप्टरचे पेशंट तीन राज्यांत असतील, तर तुमचं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स आणि विद्यापीठाची परवानगी तिन्ही ठिकाणी चालते का, हे पाहावं लागतं.

प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. त्या तासांच्या हिशेबाने पैसे घेतात आणि सगळे तास त्यांच्याकडून घेतले तर बिल हजारो डॉलरवर जातं. अडचणीत सापडलेल्याला त्यांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण फी भरून झाल्यावर शिक्षणाचा गाभा बाहेरून विकत घ्यावा लागणं हा विद्यापीठाचा दोष आहे, आणि आम्ही तो दोषच मानतो. तिसऱ्या प्रकारच्या विद्यापीठाची फी दुसऱ्याशी ताडून बघताना हा खर्च त्यात धरा.

राज्याचा अडसर

ऑनलाइन आहे म्हणून कुठूनही करता येतं, हा गैरसमज महागात पडतो. विद्यापीठाला तुमच्या राज्यात विद्यार्थी घ्यायची आणि तिथे क्लिनिकल करवून घ्यायची परवानगी लागते. बरीच राज्यं एका परस्पर करारात आहेत, पण कॅलिफोर्निया त्यात नाही. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन राज्यात बाहेरच्या विद्यापीठाच्या नर्सिंग क्लिनिकलला वेगळी मंजुरी लागते. त्यामुळे अनेक विद्यापीठांच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात ‘या राज्यांतले विद्यार्थी घेत नाही’ अशी यादी असते. ती आधी वाचा, बाकीचं पान नंतर.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी इथे एक खास धोका आहे. जोडीदाराची नोकरी बदलली आणि न्यू जर्सीहून सिॲटलला जायची वेळ आली, तर कोर्सच्या मधोमध तुमचं नवं राज्य त्या यादीत निघू शकतं. मिळवलेली क्रेडिट त्या विद्यापीठात टिकतात, पण क्लिनिकल थांबतं, आणि दुसऱ्या विद्यापीठात जाताना निम्मीच क्रेडिट धरली गेली असं होऊ शकतं. पुढच्या तीन वर्षांत जिथे जाण्याची शक्यता आहे ती सगळी राज्यं तपासून ठेवा. पदवीनंतर तिथे लायसन्स मिळेल की नाही, हे विद्यापीठाने लेखी सांगायला हवं. केंद्र सरकारचा तसा नियमच आहे.

पदवीनंतर हातात किती अधिकार येतील, तेही राज्यच ठरवतं. ओरेगन, ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा राज्यांत एनपीला स्वतंत्र प्रॅक्टिस करता येते. टेक्ससमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी करार लागतो, शिवाय शेड्यूल दोनची (व्यसनाचा धोका मोठा म्हणून कडक नियंत्रणाखालची) औषधं बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये एनपीला लिहिता येत नाहीत. म्हणजे एडीएचडीच्या (लक्ष एकाग्र न होण्याचा, अतिचंचलतेचा विकार) मुलाला याच गटातलं मिथाइलफेनिडेट द्यायचं तर डॉक्टरचीच सही. टेक्ससमध्ये मुलांचं क्लिनिक काढायचा बेत असेल, तर हे प्रवेशाआधी माहीत असलेलं बरं.

पास होण्याचे आकडे कसे वाचायचे

मान्यता ही तर किमान अट. नर्सिंग कोर्सला सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए यांपैकी एकाची मान्यता हवी. ती नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. विद्यापीठाच्या शब्दावर न जाता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

एएनसीसीची परीक्षा साडेतीन तासांची, १७५ प्रश्नांची. त्यातले १५० मोजले जातात, २५ चाचणीसाठीचे असतात आणि ते कोणते हे कळत नाही. ‘आमचा निकाल ९६ टक्के’ असं वाचलं की तीन गोष्टी विचारा. हा पहिल्या प्रयत्नाचा आकडा की सगळ्या प्रयत्नांचा? सीसीएनईला किमान ८० टक्के लागतात, पण ते पहिल्या प्रयत्नाचे किंवा एकूण, दोन्हींपैकी कसेही दाखवता येतात. दुसरं, परीक्षेला किती जण बसले? बारा विद्यार्थ्यांतले बारा पास आणि तीनशेतले २७० पास, यात दुसरा आकडा जास्त काही सांगतो. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी पदवी घेतली? काही ठिकाणी शेवटच्या सेमिस्टरला अंतर्गत परीक्षा असते. ती पार केल्याशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय एएनसीसी नाही. कच्चे विद्यार्थी तिथेच अडवले की बाहेरचा निकाल चकचकीत दिसतो. ज्यांना अडवलं त्यांनी फी मात्र पूर्ण भरलेली असते.

शिकवतात कसं

शिकवण्याची पारख करायला एक सोपी कसोटी आहे. व्याख्यानं कधी रेकॉर्ड केली, ते पाहा. ओपिऑइड व्यसनावरचं बुप्रेनॉर्फिन लिहायला लागणारा एक्स-वेव्हर हा खास परवाना २०२२ च्या डिसेंबरअखेर रद्द झाला. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनची सक्तीची आरईएमएस (औषध-सुरक्षा कार्यक्रम) नोंदणी २०२५ साली अमेरिकी औषध नियामक एफडीएने काढून टाकली. आजही कुणी व्याख्यानात या दोन्ही गोष्टी सक्तीच्या म्हणून सांगत असेल, तर ते व्याख्यान कपाटातून काढून तुम्हाला विकलं जातंय. सध्याच्या विद्यार्थ्याला एवढं एकच विचारलं तरी चित्र स्पष्ट होतं.

सायकोफार्माकॉलॉजीचा (मानसोपचारातल्या औषधांचा) स्वतंत्र विषय किती क्रेडिटचा आहे आणि त्यात काय करून घेतात, तेही बघा. बायपोलर आजारातल्या लिथियमचंच घ्या. ‘मूड स्टॅबिलायझर, पातळीवर लक्ष ठेवावे’ एवढं लिहून परीक्षेत मार्क मिळतात. पण पेशंट समोर आला की सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) मागवायचं, बाळंतपणाच्या वयातली स्त्री असेल तर गर्भचाचणी, पहिली पातळी साधारण पाच दिवसांनी आणि शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी घेऊन पेशंट लॅबमध्ये गेला, तर आकडा फसवा येतो. तसंच दुसरं मूड स्टॅबिलायझर लॅमोट्रिजिन: पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०. पण पेशंट व्हॅल्प्रोएट या औषधावर असेल तर दोन आठवडे दिवसाआड २५, मग रोज २५. इथे घाई केली तर जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं. चांगला कोर्स असे पेशंट केस म्हणून पुढ्यात टाकतो, ऑर्डर लिहून घेतो आणि प्राध्यापक त्यावर लाल शाई चालवतात. कच्चा कोर्स दर आठवड्याला डिस्कशन बोर्डवर एक पोस्ट आणि दोन सहाध्यायांना उत्तरं मागतो, तीही संदर्भांसह. त्यातून लिहायची सवय लागते, प्रिस्क्रिप्शन लिहायची नाही.

सायकोथेरपीकडे तर सर्रास दुर्लक्ष होतं. एएनसीसीला किमान दोन थेरपी पद्धतींचं क्लिनिकल प्रशिक्षण लागतं. काही ठिकाणी ते दोन असाइनमेंटमध्ये उरकतात. पुढे नोकरीत ३० मिनिटांच्या भेटीला औषधासोबत थेरपीचा ९०८३३ हा बिलिंग कोड लावायचा असतो आणि तो १६ मिनिटांहून कमी थेरपीला लागत नाही. त्या १६ मिनिटांत काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. थेरपीचं सुपरव्हिजन कोण देतं, आठवड्याला किती वेळ, एकेकट्याला की दहा जणांच्या गटात, हे विचारा.

विद्यापीठांचे प्रकार

केंटकीतलं फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी १९३९ पासूनचं आणि ग्रामीण भागाकडे कल असलेलं. विद्यार्थ्याने आपल्याच भागात क्लिनिकल करावं, मधे मोजक्या वेळा कॅम्पसवर यावं, अशी त्यांची घडण. लहान गावात राहणाऱ्याला ती मानवते. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीमध्ये दर सहा महिन्यांना ठरावीक फी. जेवढे विषय त्यात संपवाल तेवढे. थिअरी झपाट्याने उरकणाऱ्या शिस्तीच्या माणसाला हे स्वस्त पडतं, पण क्लिनिकलचे तास कुणालाही पळवता येत नाहीत, हे विसरू नका. व्हँडरबिल्टसारख्या ठिकाणी सेमिस्टरमध्ये ठरलेल्या दिवशी नॅशव्हिलला जावं लागतं. प्रवासाचा खर्च येतो, पण प्राध्यापक तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात, आणि पुढे शिफारसपत्र मागताना त्याची किंमत कळते. वॉल्डन आणि चेंबरलेन २०२१ च्या खरेदीने एकाच मालक कंपनीखाली आली. दोन्ही नफ्यासाठी चालणारी, वर्षात अनेकदा प्रवेश देणारी. अशा मोठ्या संस्थांमध्ये प्रवेश सोपा, पण तुमच्याच शहरात त्याच सेमिस्टरला किती सहाध्यायी प्रिसेप्टर शोधताहेत, हा प्रश्न तिथे जास्त टोचतो. राज्य सरकारच्या विद्यापीठांकडे आमचा कल आहे, विशेषतः तुम्ही त्याच राज्यात राहत असाल तर. स्थानिक हॉस्पिटलांशी त्यांचे करार आधीच झालेले असतात आणि ॲफिलिएशनची ती कागदी फेरी टळते.

एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) की डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट)? सगळ्या एनपींसाठी डीएनपी हवी, अशी मागणी २००४ पासून होते आहे, पण लायसन्स आणि परीक्षेला एमएसएन आजही पुरते. डीएनपीला एकूण १,००० तास लागतात आणि किमान वर्षभर जास्त. प्राध्यापकी करायची नसेल तर आधी एमएसएन करा. आधीच एफएनपी (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर) असाल तर पुन्हा मास्टर्स नको, पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट घ्या. तुमचे जुने पॅथोफिजिऑलॉजी, हेल्थ असेसमेंट आणि फार्माकॉलॉजी हे तीन विषय धरतात का, तेवढं आधी लेखी घ्या. काही ठिकाणी ते ठरावीक वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत.

पैसा आणि वेळ

फीची तुलना प्रति क्रेडिटवर करू नका. समजा एकाकडे ४८ क्रेडिट, प्रत्येकी ७०० डॉलर, म्हणजे ३३,६००. दुसऱ्याकडे ४२ क्रेडिट, प्रत्येकी ८००, तेही ३३,६००. आता यात टेक्नॉलॉजी फी, क्लिनिकल फी, तास नोंदवायच्या सॉफ्टवेअरची फी, कॅम्पसचे प्रवास आणि क्लिनिकलसाठी सोडलेल्या शिफ्टचा पगार मिळवा. शेवटची रक्कम बहुधा सगळ्यांत मोठी निघते.

कारण गणित सरळ आहे. ७५० तास तीन सेमिस्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी २५०. पंधरा आठवड्यांत आठवड्याला जवळपास १७ तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस. त्यावर वाचन आणि असाइनमेंट. आठवड्याला तीन बारा तासांच्या शिफ्ट करून हे जमवणारे आहेत, पण प्रिसेप्टरचं क्लिनिक सोमवार ते शुक्रवार दिवसाच चालतं. रात्रपाळी संपवून सकाळी आठला पेशंटसमोर बसणं तुम्हाला झेपणारं नाही आणि पेशंटवरही तो अन्याय आहे. चार सेमिस्टरमध्ये तास विभागणारा कोर्स थोडा लांबतो, पण नोकरी टिकते.

कर्जाचे नियम बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्राचं कर्ज बंद, आणि ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला केंद्राचं कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलरपर्यंत. प्रोफेशनल पदव्यांची मर्यादा वेगळी. तुमचा कोर्स कुठल्या गटात धरतात ते फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर घ्या. ग्रीनकार्डधारक आणि नागरिकांसाठी नर्स कॉर्प्स ही केंद्र सरकारची कर्जफेड योजना चांगली आहे: मान्य ठिकाणी दोन वर्षं पूर्णवेळ काम केलं तर नर्सिंगच्या पात्र कर्जाच्या ६० टक्के रक्कम मिळते. निवड स्पर्धेतून होते, मात्र.

ज्यांचं नर्सिंग अमेरिकेबाहेर झालंय त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकी आरएन लायसन्स हातात नसताना या कोर्सला दार नाही. भारतातला जीएनएम नर्सिंग डिप्लोमा म्हणजे बीएसएन (नर्सिंगमधली बॅचलर पदवी) नव्हे, मधे ब्रिज कोर्स लागतो. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, कारण पूर्णवेळ अभ्यासक्रमात ऑनलाइनचा एकच विषय किंवा तीन क्रेडिट मोजता येतात. ‘व्हिसाचं बघू आपण’ म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

प्रवेश पक्का करायचं डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. ते भरण्याआधी एक ईमेल पाठवा: प्रिसेप्टर न मिळाल्यास काय होतं, सेमिस्टरच्या मधे प्रिसेप्टरने काम सोडलं तर तोवरचे तास धरले जातात का, आणि त्या काळात फी चालू राहते का. नियंत्रित औषधं लिहायला लागणाऱ्या डीईए (केंद्राचा अमली पदार्थ विभाग) नोंदणीसाठी व्यसनविषयक आठ तासांचं प्रशिक्षण लागतं, ते कोर्समध्येच होतं का आणि तसं पत्र देता का, हेही त्यातच विचारून टाका. उत्तर फोनवर आलं तर ‘कृपया हेच लिहून पाठवा’ म्हणा. आठवडाभरात लेखी उत्तर आलं नाही, तर डिपॉझिट पुढच्या विद्यापीठासाठी राखून ठेवा.